कानबाईची वाट आणि धावपट्टी

अक्का, माझ्या मोठ्या जाऊबाई,

सगळ्यात आधी आली ती शेजारची सुमन. हातात झारा तसाच! "माय वं, विमानतळनी गाडी तुन्हा दारमा कशी शे?" तिच्या मागून गाडीतून उतरले एक साहेब आन एक मॅडम. सुमननंच त्यांना बसवलं, चहा सांगितला, आन पहिला कप स्वतःच घेतला. तुम्ही असत्या तर हसून लोळल्या असत्या!

लिहायचं कारण असं, की तुम्हाला न विचारता मी आपल्या कानबाई देवीची नदीवर जायची वाट बदलायला निघाले. सकाळपासून बूड टेकत नाही. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला दोनदा बसले, दोनदा उठले.

आनंदाची गोष्ट तर राहिलीच! आपली राणी विमान चालवते, अक्का! तुम्ही जिला "बोरीवरून उतर, तंगडी मोडशील" म्हणून ओरडायच्या, ती माझी नात. इतके दिवस शेजारी मास्तर बसायचे. येत्या सोमवारी सकाळी एकटी उडणार. मी अंगणातून प्रत्येक विमानाला हात करते, तिचं असो नसो!

आन सोमवारीच कानबाईचं विसर्जन.

साहेब म्हणाले, बाया तारेच्या कुंपणातल्या भगदाडातून शिरतात आन धावपट्टी ओलांडून नदीवर जातात, ते थांबवा. मी म्हटलं, "अहो, त्या डांबरावर आम्ही मिरच्या वाळवल्या! आन विमान दिसलं की थांबतोच ना?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, उतरताना त्याचा आवाज कमी होतो. त्यात तुमचा ढोल. तुम्ही वर बघेपर्यंत ते अंगावर आलेलं असतं. मागं गायी मधे आल्या, तर टेकता टेकता विमान परत वर न्यावं लागलं. शेजारी मास्तर होते म्हणून निभावलं."

"कोण चालवत होतं?"

मॅडम कपात बघायला लागल्या. राणी! त्या सटवीनं घरात एक अक्षर सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं का हो?

पाहुणे गेल्यावर सुमन फणकारली, "अक्काले जाईसन वरीस नही झालं, आन लगेच त्यास्नी वाट मोडी? बठ्ठ्या बाया काय म्हणतीन?"

काळजात गेलं हो. "कानबाई वाट बदलत नाही," हे तुमचंच ना? इतकं पक्कं कशाला शिकवलंत सगळ्यांना? आता मी भांडू कुणाशी?

मग आठवलं. नदीला पूर आला त्या साली तुम्हीच कानबाई मळ्यातल्या विहिरीवर नेली होती. "तिला पाणी पाहिजे, नदी काय न् विहीर काय!" म्हणाल्या होत्या. मी तेच सुमनला ऐकवलं. मग म्हणते, "लांबना फेरा पडी. मन्हा गुडघा तूच धरजो मंग!"

तरी जीव थाऱ्यावर नाही. बाकीच्या बाया ऐकतील का? रागावल्या तर नाहीत ना तुम्ही?

शब्द देते, अक्का. यंदा कानबाई माझ्या डोक्यावर. भगदाडाशी आले की कुंपणाच्या कडेनं नदीकडे वळेन, मागं बघणार नाही. एका हातानं कानबाई धरीन, दुसऱ्या हातानं वरच्या विमानाला हात करीन.

साहेब आन मॅडम आमच्यासोबत चालायला परत येतो म्हणाले. सोमवारी, सकाळीच.

तुमची धाकटी,
गोदा