जिवंत पोराचा दहावा

आबा, तुम्ही मेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून ताजाच आहे. बेघरांच्या निवाऱ्यातले काका म्हणतात, मनातलं लिहून काढ, हलकं वाटेल. मला हलकं व्हायचं नाही. तुम्हाला ऐकवायचं आहे.

दारूपायी मला घराबाहेर काढलंत, तेवढ्यावर थांबला असतात तर माझी तक्रार नव्हती. पण तुम्ही धारूरच्या डोंगराखाली, गावच्या ओढ्यावर, माझा दहावा घातलात. मी जिवंत असताना! मी बीडच्या स्टँडवर पोतं अंथरून पडलेला असायचो. गावातला एकजण मला पाहून दचकलाच. "तू तं मेलास ना बे? जेवून आलो की मी तुझ्या दहाव्याला!" मग त्यानं सगळं सांगितलं. मेलेल्याच्या आवडीचं पिंडापुढे ठेवतात, म्हणून तुम्ही क्वार्टर ठेवली होती. कावळा म्हणे लगेच शिवला. मला आईच्या हातचे धपाटे आवडायचे, आबा. बाप असून एवढंही ठाऊक नव्हतं तुम्हाला?

स्टँडवरून मला काकांनीच निवाऱ्यात उचलून नेलं. हात इतके थरथरत होते की ताट धरवत नव्हतं, तर त्यांनी घास भरवला. मी पळणार हे त्यांना दिसत होतं. "पळायचं तं पळ बे, पन जेवून पळ," एवढंच म्हणाले. मी जेवलो आणि झोपलो. रोज असंच होत गेलं आणि दारू सुटली. आता तिथला स्वयंपाक मीच करतो.

मग तुम्ही गेलात. गावासाठी मी मेलेला, तरी पिंडाला थोरला लागतोच, म्हणून धाकटा न्यायला आला. त्याच ओढ्यावर तुमचा पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, शिवेचनात. धाकटा कानाशी लागला, "दादा, पुन्ना पिनार न्हाई म्हन. आबाचा जीव तुझ्यातच अडकला हाय." सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तोंड उघडलं नाही. ज्यानं मला जिवंतपणी मारलं, त्याच्या पिंडापुढे शपथ कशाला घेऊ? दारू मी तुमच्यासाठी सोडलेली नव्हती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक अजून म्हणतात, पोरानं बापाचा जीव अडकवला. म्हणू देत.

हा कागद पाठवणार तरी कुठं? भाकरी झाल्या की चुलीत घालीन. पण धाकट्यालाही न सांगितलेलं एक सांगतो. ओढ्यावर मनातल्या मनात मी म्हणालो होतो, पिणार नाही आबा. पुन्हा पुन्हा म्हणालो. तरी तुमचा कावळा आला नाही.