कापलेल्या काठाचं पातेलं

बाई, तुमचं पितळी पातेलं माझ्याकडेच आहे. तुम्ही गेल्यावर भाचीनं तुमचं घर आवरलं, तेव्हा तिनं ते मोडीत द्यायच्या भांड्यांत टाकलं होतं. काठापासून थेट अर्ध्यापर्यंत करवतीनं पट्टी कापून काढलेलं पातेलं कुठल्या शहाण्या घरात ठेवतात? मी म्हटलं, हे मला द्या. "न्या हो," ती म्हणाली, "पण याचं करणार काय?" मी ते पिशवीत घातलं. आज रविवार आहे, दुपार आहे, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्यात आणि माझ्यासमोर कॉम्प्युटरवर एक अर्ज उघडा आहे. उद्या संध्याकाळी त्याची मुदत संपते. तो बाजूला सारून मी तुम्हाला लिहीत बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वा! म्हणजे कामाला जोरात सुरुवात झालेली दिसते."

अर्ज तुमच्याच कामाचा आहे. आता परदेशी हात पसरावे लागत नाहीत, बाई. आपल्याच देशात, रात्रभराच्या प्रवासावर, एक मोठं क्ष-किरण केंद्र झालं आहे. सगळीकडचे लोक तिथे अर्ज करतात आणि ज्याचा प्रश्न पटेल त्याला तो प्रखर किरण थोडा वेळ वापरायला मिळतो. थोडा म्हणजे अगदी थोडा, एखादी पाळी. तुम्ही असतात तर पहिल्याच गाडीनं निघाला असतात.

तुमचं कर्वेनगरचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. ओट्यावर दूध तापतंय, तुम्ही पदर खोचून उभ्या आहात, मी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण घेऊन आले आहे आणि तुम्ही त्याकडे बघायलाही तयार नाही. "ही आत कल्हई दिसते ना? सांग बघू, कथील कुठे संपतं आणि पितळ कुठे सुरू होतं?" मी म्हटलं, रंग बदलतो तिथे. "कप्पाळ! रंग बघायला तुला पीएचडी कशाला हवी?" मग तुम्ही डावानं दूध ढवळत समजावलंत, की दोघांच्या मध्ये उष्णतेनं तिसराच एक पापुद्रा तयार होतो, ना धड कथलाचा ना धड पितळेचा. तो रोजच्या जाळावर वाढत जातो का, आणि किती, हे तुम्हाला बघायचं होतं. आपल्या विभागातल्या जुन्या यंत्राला तो पापुद्रा दिसत नव्हता, त्याचा किरण फारच दुबळा. दुसऱ्याच दिवशी तुम्ही तेच पातेलं पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये नेलंत. मी हबकलेच. "अहो बाई, दुकानातून नवं आणू ना." तर म्हणालात, "नव्याला काय विचारायचं? त्यानं कुठे काय सोसलंय?" पट्टी काढून झाल्यावर उरलेलं पातेलं तुम्ही घासून पुन्हा ओट्यावर ठेवलंत. कापाच्या खाली एका माणसापुरतं दूध मावायचं. तुम्हाला तेवढंच लागायचं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुमचे दोन नियम होते. एक, यंत्रापाशी एकटीनं बसायचं नाही. एकीनं आकडा बोलायचा, दुसरीनं तो मोठ्यानं परत बोलून मगच लिहायचा. मी बोलायची आणि माझी मैत्रीण परत बोलायची, दुपारभर, पाढे म्हटल्यासारखं. दुसरा नियम, अर्ज कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि जिथे वाचताना दम लागेल तिथे थांबायचं, कारण तिथे काहीतरी खोटं असतं. परदेशातल्या केंद्रासाठी मी पहिला मसुदा केला, त्यात मानवजातीचं कल्याण, राष्ट्राची प्रगती, सगळं ठासून भरलं होतं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "हा अर्ज आहे की रुखवत? नुसतं मांडून ठेवलंयस. तुला काय बघायचंय ते सांग आणि खाली बस." मी रडले होते, आठवतं? मग तुम्ही त्याच पातेल्यात चहा केलात, आधी माझा, मग तुमचा. दोघींचा एकदम मावत नव्हता.

आणि मग सगळं भराभर झालं. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बस सुरू झाल्या, आपल्या वर्गातली हुशार मुलं एकेक करून त्यांत चढली. मैत्रीण तुम्हाला सांगायला आली तेव्हा तिच्या हातात पेढे होते आणि तोंड चोरट्यासारखं. "जा," तुम्ही म्हणालात, "निदान तिथले कॉम्प्युटर चालू असतात." ती गेल्यावर मात्र पेढ्याचा पुडा तुम्ही कितीतरी वेळ उघडला नव्हता. पुढे परदेशातून होकार आला आणि त्याच पावसाळ्यात तुमचं दुखणं निघालं. आपली पाळी दुसऱ्या कुणालातरी गेली. दवाखान्यात मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. तुम्ही म्हणालात, "तू जा. मी कशाला?"

मला तुमचा राग येतो, बाई. इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. तुम्ही मला कधी थांब म्हणाला नाहीत, तिच्यासारखी नोकरीला जा असंही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मीही बसमध्ये चढले असते, चार माणसांत दुपारी डबा खाल्ला असता. मी थांबले आणि हळूहळू तुमच्यासारखी झाले. कॉलेजात माझ्या खोलीच्या दोन्ही बाजूंना आता कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळा आहेत. मुलं चांगली आहेत, "मॅम, यात स्कोप काय?" असं अगदी आदबीनं विचारतात आणि पुन्हा येत नाहीत. जुन्या यंत्रावर मी अजून आकडा मोठ्यानं बोलते. मग क्षणभर थांबते. कुणी परत बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

केंद्रानं मागच्या खेपेला माझा अर्ज परत पाठवला होता, शेऱ्यात एवढंच की यात नवीन काय आहे ते स्पष्ट होत नाही. या खेपेला नाही झालं तर संपलं, कारण लवकरच मी निवृत्त होते, मग अर्जाला कॉलेज आपलं नाव कशाला देईल? शिवाय त्यांचाही तुमच्यासारखाच नियम आहे, किरणापाशी एकट्या माणसाला बसू देत नाहीत. दुसरं माणूस हवंच. कोणीही चालेल, पण हवं. इतके दिवस मी ती जागा रिकामी ठेवून बसले होते. शेवटी आज सकाळी मैत्रिणीला फोन केला. ती आता वाघोलीला राहते, मोठी मॅनेजर झाली आहे. कित्येक वर्षांत आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोललो नव्हतो. मी मनाची तयारी केली होती की "बघते, सांगते" म्हणेल, म्हणजे आपल्या पुण्यात नाहीच.

"बाईंचं पातेलं?" ती म्हणाली. "अगं, अजून तेच?"

"तेच."

"मला आता त्यातलं ओ की ठो येत नाही हं."

"काही यायला नको. मी बोलेन तो आकडा परत बोलायचा."

मग म्हणाली, "तेवढं येईल. सुट्टी टाकते. आणि अर्ज वाच आधी. की तो नियम मोडलास?"

मी वाचला. प्रश्न वाचला, पद्धत वाचली, तुमची पट्टी काचेच्या डबीत कशी बंद आहे ते वाचलं. मग आलं ते वाक्य: उरलेले भांडे वापराविना, कोरड्या जागी जतन केले आहे. तिथे माझा आवाज अडकला. "दम लागला तुला," ती लगेच म्हणाली. मी म्हटलं, जिना चढून आले. फोनवर बसल्या जागी कसला जिना?

तुम्हाला सांगते. ते पातेलं मी जतनबितन काही केलं नाही. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी मी त्यातच दूध तापवते. आंबट कधी घातलं नाही, कल्हई जाऊ नये म्हणून घासणी लावली नाही, बोटांनी धुते. नमुन्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही शिकवलंत आणि मी त्यात चहा उकळत राहिले. घरात तुमचं म्हणून दुसरं काही नव्हतं, बाई. फोन ठेवल्यावर ते वाक्य खोडलं आणि खरं लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आलं. तुमच्या पट्टीचा जाळ त्या दिवशी वर्कशॉपमध्ये थांबला. तिच्या लगतचं भांडं त्यानंतर इतकी वर्षं रोज तापत आलं आहे. एकच पातेलं, एक भाग थांबलेला आणि एक न थांबलेला. पापुद्रा वाढतो की नाही, हे याहून चांगलं कुठे दिसणार? नवीन काय, म्हणून केंद्रवाले विचारत होते ना? हे. वाचून पाहिलं, दम लागला नाही.

फक्त त्यासाठी कापाच्या लगत खालचा तुकडा काढावा लागेल, तळापर्यंत. मग त्यात एका माणसापुरतंही काही राहणार नाही. होकार आला की वर्कशॉपमध्ये नेईन. या वेळी येईल असं वाटतं.

हे लिहिता लिहिता मी मघाशी उठून चहा ठेवला. तुमच्या पातेल्यात, दोघींचा. आधण कापापर्यंत चढलं आणि तिथून शेगडीवर वाहिलं, गॅस विझला. मावणार नाही हे मला माहीत होतं, बाई. तरी ठेवलं.