राजाचे वय आणि ओनेकाची शपथ

पवित्र त्रैक्याच्या नावाने, आणि माझी पापे माझ्यासमोर ठेवून, मी वेलास्किता, आल्तार्राचे दिवंगत राजे इनिगो यांची विधवा, राजा गालिंदोची आई व त्याच्या अज्ञानपणी राज्याची पालक, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. पाय सुजले आहेत, बुद्धी शाबूत आहे. लिही म्हणून कोणी जबरदस्ती केलेली नाही. लिहू नये म्हणून मात्र दोघांनी केली. ते पुढे येईलच.

माझा देह या मठाच्या आवारात, मठवासिनींच्या रांगेत पुरावा. राजांच्या शेजारची जागा मी सोडते. तिथे मी शोभणार नाही.

ओरिसोलाचे हिवाळी घर, त्यातील तांब्याची भांडी आणि उतारावरचा द्राक्षमळा मुलगी तोदा हिला द्यावा. तोदा, तू पंधरा वर्षांची असताना डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या सरदाराशी मी तुझे लग्न लावले आणि त्या बदल्यात तह मिळवला. खेचरावर बसताना तू एवढेच विचारलेस, "आई, गालिंदोला विचारलंस का?" मी म्हणाले, "तो लहान आहे अजून." तो लहान नव्हता. राजमुद्रा त्याच्या हाती असती तर त्याने तुला जाऊ दिले नसते.

सुया, रेशीम व भरतकामाची चौकट मठाला. माझे अर्धे राहिलेले वेदीवस्त्र उसवून पुन्हा भरावे. अलीकडचे टाके वाकडे पडले आहेत.

जाऊबाई एर्मेसेंदा यांना काहीही देऊ नये. माझ्या पतीच्या प्रेतापाशी उभे राहून त्यांनी माझ्या माहेरच्या बोलीची नक्कल केली होती. मी क्षमा केली आहे, पण देणार नाही.

साल्वेदाचे मिठाचे झरे आणि तिथला किल्ला, जे लग्नात मला स्त्रीधन म्हणून मिळाले, ते मुलगा गालिंदो यास. परंतु पुढील मजकूर वाचून झाल्यावरच.

आमच्या राज्यात राजपुत्राच्या जन्माची नोंद आई आपल्या प्रार्थनेच्या पोथीत स्वहस्ते करते, आणि न्यायसभेत तीच चालते. मुलाला चौदा वर्षे पूर्ण झाली की पालक राणी राजमुद्रा त्याच्या हाती देऊन त्याच दिवशी मठात जाते. तो दिवस जवळ आला तेव्हा मी चाकूने चर्मपत्र खरवडले आणि जन्माचे साल एकाने पुढे नेले. लोकांना सांगितले, सीमेवर धोका आहे. धोका होताही. पण खरे कारण असे, की मी सभेत शिरले की सगळे पुरुष उठून उभे राहत, आणि ते मला आवडू लागले होते. पवित्र शास्त्रातल्या एका आईने धाकट्याला थोरल्याचा आशीर्वाद मिळावा म्हणून त्याच्या हातांना करडाचे कातडे गुंडाळून आंधळ्या बापाला फसवले. तिने निदान मुलासाठी फसवले.

गालिंदोची दूध-आई ओनेका भर सभेत उठली. "वय पोथीला काय विचारता? माझ्या छातीला विचारा! माझी लेक आणि हा एकाच आठवड्यातले. लेक चौदाची झाली, मग हा तेराचा कसा? मध्ये वर्षभर झोपला होता का?" सभा हसली. मी हसले नाही.

पोथीविरुद्ध शपथ घेणाऱ्याने तापलेले लोखंड हातात धरून नऊ पावले चालायचे, असा रिवाज आहे. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडतात. जखम स्वच्छ तर शपथ खरी, चिघळलेली तर खोटी. एका शब्दाने मला हे थांबवता आले असते. मी मनाशी म्हणाले, देव सत्य जाणतो, तो तिचा हात राखील आणि मला उघडे पाडील. तिसऱ्या दिवशी हात चिघळलेला निघाला. आणि मी, जिने ते साल स्वतः खरवडले होते, गुडघे टेकून देवाचे आभार मानले. मला वाटले, त्याने माझी बाजू घेतली. देवाच्या मौनाला मी संमती समजले. माझ्या सगळ्या वाचनात याहून मोठे पाप मला सापडलेले नाही.

ओनेका खोट्या शपथेची ठरली. तिला चर्चमध्ये प्रवेश नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, मेल्यावर पवित्र भूमी नाही, आणि तिची साक्ष कुठेही चालत नाही. याला बावीस वर्षे झाली.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बसा, बाईसाहेब. खोटारडीच्या घरी बसलेलं चालतं ना राणीला?" मी सांगितले, मी सगळे लिहून ठेवणार आहे. "लिहून? मागच्या वेळीही तुम्ही लिहिलंच होतं की!" मग म्हणाली, "मला आत जायचंय. बाकी काही नको. बाहेरच्या पायरीवर पाऊस लागला की आतली मिस्सेची प्रार्थना नीट ऐकू येत नाही."

मी गालिंदोला सारे सांगितले. तो म्हणाला, "आईसाहेब, आता कशाला उकरता? तुम्हाला मुद्रेचा हक्कच नव्हता असं ठरलं, तर त्या वर्षी तोदाच्या लग्नावर झालेला तहही गेला." मी विचारले, "आणि ओनेका?" "तिला गाय देतो. चांगली दुभती." बिशप म्हणाले, देवाने केलेला निवाडा माणसाने फिरवू नये.

म्हणून मी असे करते. मृत्युपत्राला तीन साक्षी लागतात. एक जरी बाद झाली तरी सारे मृत्युपत्र पडते, आणि विधवा राणीची मालमत्ता दिराच्या घरात, म्हणजे एर्मेसेंदाच्या मुलांकडे जाते. माझी तिसरी साक्ष ओनेकाची आहे. गालिंदो, मिठाचे झरे हवे असतील तर ओनेकाची ती शपथ खरी होती असे सभेत सांगावे लागेल, आणि बिशपांना तिच्यावरची बंदी उठवून तिला हात धरून वेदीपाशी न्यायला लावावे लागेल. जे तुमच्या दयेकडून मिळाले नाही, ते मी तुमच्या लोभाकडून मागत आहे. याचीही मला लाज वाटते. तोदा, यात तुझे घरही पणाला लागले, पुन्हा तुला न विचारता. क्षमा कर.

वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.
वेलास्किता

पहिली साक्ष: आन्देरेगोता, मठाध्यक्षा.
दुसरी साक्ष: आस्नार, मठाचा पाद्री व या पत्राचा लेखक.
तिसरी साक्ष: ओनेका, राजाची दूध-आई. लिहिता येत नाही, क्रूस स्वतः काढला.

स्थळ: सांता एउलालियाचा मठ, आल्तार्रा. संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस, प्रभूच्या अवतारापासून वर्ष ११६२.

लेखकाची नोंद: तिसरी साक्ष कायद्यात बसत नाही, हे मी राणींना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "म्हणूनच."