धन्याचे चाहते

बाबा, तुमच्याबद्दल लोकांचं एकमत होत नाहीये. निम्म्यांना तुम्ही पुस्तकातली सगळ्यात जमलेली गोष्ट वाटता, निम्म्यांना सगळ्यात फसलेली. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो. आता माझे केस तुमच्यापेक्षा जास्त पिकलेत, आणि एवढ्या वर्षांनी तुमची खबर मला अनोळखी माणसांकडून लागते. झालंय असं की मी एक कादंबरी लिहिली. कादंबऱ्या वाचणं म्हणजे तुमच्या लेखी रिकामटेकडेपणा, आणि ही तर त्यातली त्यात: समुद्रातला काळ्या दगडांचा कोट, आगीचं पाखरू, बोलणारी गलबतं आणि बापाची तलवार घेऊन निघालेली नाखव्याची पोर. त्या कोटात एक राजा आहे, त्याला सगळे धनी म्हणतात. तो कधी आवाज चढवत नाही. जेवायला बसतो, पहिला घास घेतो, आणि चव पटली नाही तर ताट दोन बोटांनी पुढे सरकवतो. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचं एक गाव नाहीसं झालेलं असतं. गावाचं मी रचलं. ताटाचं रचायची गरज पडली नाही.

हल्ली लोक पुस्तकांवरची मतं फोनवरच लिहितात आणि वर चांदण्या देतात, हॉटेलला देतात तशाच. एका बाईंनी लिहिलंय की पहिली शंभर पानं गलबतांची नावं पाठ करण्यातच गेली, निदान नकाशा तरी द्यायचा. माटुंग्याच्या एका शिक्षकांना पाखराशी झालेली लढाई इतकी आवडली की त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली, आणि त्यांच्या खालीच कुणीतरी म्हणतंय की ती लढाई संपता संपत नाही. पोर खरी वाटते, पोर अजिबात खरी वाटत नाही, मालवणी गोड आहे, मालवणी डोक्यावरून जाते. ह्यातलं मला काही लागलं नाही, उलट मजा आली. पण धन्यापाशी आले की सगळे एकदम गंभीर होतात. कुणी म्हणतं, ताटाचा प्रसंग वाचून जेवण गेलं नाही. कुणी म्हणतं, मिठावरून गाव बुडवणारा खलनायक पोरकट आहे, माणूस असा उगाच होत नाही, कारण दाखवा. माझ्या प्रकाशकबाईंचंही तेच मत आहे. त्या म्हणाल्या, दुसऱ्या भागात त्याचं लहानपण घाला, कुणीतरी त्याला छळलेलं असू दे. आणि तो पहिल्या भागाच्या शेवटी मेलाच नव्हता एवढं करा, कारण लोकांना तोच हवाय.

कारण शोधायला मी मनापासून बसलो होतो. गिरणी बंद पडली आणि तुम्ही तसे झालात, असं लिहिता आलं असतं. लालबाग-परळमध्ये ते कुणालाही पटलं असतं, आणि तुमच्यासाठी दोन अश्रूही निघाले असते. पण ताट त्याच्या कितीतरी आधीपासून सरकत होतं. तुमची पहिली पाळी सुटलेली आहे, मी भिंतीला टेकून गृहपाठ करतोय, स्वयंपाकघरात आई आमटी ढवळतेय आणि पळीतली आमटी तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा चाखतेय. तुम्ही पाटावर बसता. तुमचा हात पाण्याकडे वळायच्या आत ती तांब्या पुढे करते. तुम्ही घास घेता आणि आम्ही दोघं तुमच्या बोटांकडे बघत असतो. ताट जागचं हललं नाही तर आमची संध्याकाळ सुरू होते. हललं तर तुम्ही हात धुऊन उठता, आणि मग घरात कितीतरी दिवस तुमचा शब्द नाही. शेजारचे म्हणायचे, तुमच्या घरातनं कधी भांडणाचा आवाज येत नाही, नशीब काढलंत. आई हसून होय म्हणायची. मला तुमचा राग आजही तसाच येतो, हे इथे सरळ सांगून टाकतो.

दोन महिन्यांपूर्वी दादरच्या एका वाचनालयाने पुस्तकावर चर्चा ठेवली होती. रविवारची दुपार, पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरलेल्या. नकाशावाल्या बाई स्वतः आल्या होत्या आणि त्यांनी ती तक्रार समोरासमोर पुन्हा केली. एका आजोबांनी पाखराच्या पंखांच्या लांबीवर शंका काढली. सगळं हसतखेळत चाललं होतं. मग तिसऱ्या रांगेतला एक तिशीतला तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. शेजारी त्याची बायको, मांडीवर पर्स घेऊन बसलेली.

"सर, लोक कारण कारण काय करतायत? धनी एकदम करेक्ट आहे. ओरडत नाही, हात उचलत नाही, तरी सगळं वेळेवर. मी पण घरी ट्राय केलं. ताट सरकवलं आणि दोन दिवस बोललोच नाही. फुल रिझल्ट."

हॉल हसला. मीही हसलो, पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस हसतो तसा. त्याची बायकोही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. खाली बसताना त्याने मान थोडी वळवली एवढंच, आणि तिने पाण्याची बाटली झाकण काढून त्याच्या हाताशी धरली. त्याने मागितली नव्हती. पुढचे दोन प्रश्न कुणी काय विचारले ते मला आठवत नाही.

सह्या घ्यायला रांग लागली तेव्हा ती दोघं शेवटी होती. त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो जिन्याकडे गेला. तिने पुस्तक पुढे केलं, पान उघडून धरलं आणि हळूच विचारलं, "राणी शेवटी कुठे जाते हो?"

मला कळेना ती काय विचारतेय. मी म्हटलं, "कुठली राणी?"

"धन्याची. कोट जळतो, धनी मरतो, नाखव्याची पोर गलबतावर चढते. राणी आतच होती ना?"

मी खाली बघून, तिने सांगितलं ते नवऱ्याचं नाव घातलं आणि सही केली. तेवढ्यात तो परतला, तिने पुस्तक मिटलं आणि थँक यू सर म्हणून त्याच्या मागोमाग जिना उतरली.

घरी येऊन मी माझीच कादंबरी चोरासारखी उलटीपालटी केली. तिचं बरोबर होतं. राणी सुरुवातीला दोनदा येते, दोन्ही वेळा वाढायला. तिला मी एकही वाक्य दिलेलं नाही. नंतर ती आतल्या दालनात जाते आणि मग तिचा उल्लेखच नाही. पोर पाखराला कोटावर सोडते, सगळं पेटतं, किनाऱ्यावरचे लोक ढोल वाजवतात, आणि मी एका बाईला आत ठेवून बाहेरून दार लावलंय. पंखांची लांबी मोजणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही, चांदण्या देणाऱ्यांच्या आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

आईने पुस्तक भिंग घेऊन सावकाश वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावर बोटींचं चांगलं लिहिलंस एवढंच म्हणाली होती. आपली चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय आणि ती आता पुष्कळ वर राहते, लिफ्टला अजून घाबरते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती लसूण सोलत बसली होती. मी विचारलं, त्या पुस्तकातली राणी आतच राहिली हे तुझ्या लक्षात आलं होतं का. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"माका वाटला, तू मुद्दामच ठेवलंस तिका थंय."

मी म्हटलं, मुद्दाम कशाला ठेवीन.

"मगे भायर येवन खंय जातली ती?" ती म्हणाली, आणि लसणाची सालं पदरात गोळा करून उठली.

पुढच्याच आठवड्यात त्या तरुणाने फोनवर आपलं मत टाकलंय. पाच चांदण्या. लिहिलंय की धन्याला परत आणा, आतुरतेने वाट बघतोय, आणि खाली एक हसरा चेहरा काढून: घरी आता ताट सरकवावंही लागत नाही, नुसतं बघितलं तरी पुरतं. त्याला बऱ्याच जणांनी पसंतीचे अंगठे दिलेत. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी मला त्या मांडीवरच्या पर्सवरचे हात दिसतात. पोलिसांत जाऊन सांगावं असं ह्यात काही नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही. सही करताना मी तिला विचारलंही नव्हतं, त्याचंच नाव घातलं होतं.

म्हणून तुम्हाला परत आणतोय, बाबा. प्रकाशकबाई खूश आहेत, त्यांना वाटतंय मी त्यांचं ऐकलं. खरं असं आहे की तुम्ही असाल तरच तो तरुण दुसरा भाग विकत घेईल, त्याने घेतला तरच पुस्तक तिच्या घरात जाईल, आणि तो ऑफिसला गेल्यावर ती ते उघडेल. मुखपृष्ठावर तुम्ही असाल, मोठे, दरारा वाटेल असे. आत गोष्ट राणीची आहे. कोटाला आग लागायच्या आधी, तुम्ही चांगले धडधाकट असताना, ती बाहेर पडते. तिला कुणी सोडवायला येत नाही, तलवार नाही, पाखरू नाही. ती कशी बाहेर पडते ते मला अगदी नीट लिहायचंय, कुणालाही जमेल असं.

हे मी आईकडे बसून लिहितोय. ती आता शेजारी येऊन बसलीय आणि विचारतेय, काय लिहितंस. मी म्हटलं, दुसरा भाग. पण महिनाभर मी त्याच पानावर अडलोय. राणी निघते, दालनं ओलांडते, शेवटच्या चौकात येते आणि तिथून पुढे तिला नेता येत नाही. कोट कितीही मोठा काढला तरी दार मला आपल्या चाळीतल्या खोलीचंच सुचतं. ते एकच होतं, आणि त्यात खुर्ची टाकून तुम्ही बसायचात.