बाबांना गोळीविना शांत ठेवण्याचा कार्यक्रम

३ फेब्रुवारी
बाबांना ठेवलंय त्या होमचे डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी बाबा फार आरडाओरडा करतात, गोळी सुरू करू. मागच्या वेळी त्या गोळीने बाबा खुर्चीत कलंडून बसायचे, घास तोंडातच राहायचा. मी नाही म्हटलं. पंधरवडा मागून घेतला. डिमेन्शिया झाला की माणसाला गुंगीत ठेवायचं, एवढंच यांना येतं. मी इंजिनिअर आहे, पद्धतशीर करीन. राग आलेला नाही.

५ फेब्रुवारी
हेडफोन, नाट्यगीतं. बाबांनी हेडफोन उलटसुलट करून विचारलं, ड्यूटी भरली का. इथे कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये आयुष्यभर बॅगा तपासल्या त्यांनी. मी स्पष्ट सांगितलं, तुम्ही रिटायर झालात. खूप ओरडले. हेडफोन हलके निघाले. बदलणार.

८ फेब्रुवारी
लॅव्हेंडर तेलाने हाताला मसाज. परदेशी माल, म्हणाले. इथल्याच एस्प्लनेडच्या बाजारात घेतलंय म्हटलं, बिल दाखवलं. मला चोर ठरवून बाटली फोडली. पद्धत बरोबर आहे; होममध्ये गोंगाट फार.

११ फेब्रुवारी
आई आली. शाळेत खोटं बोलणाऱ्यांना बाकावर उभं करणारी ही बाई पर्स टेबलावर ठेवून म्हणते, 'साहेब, जरा लवकर बघा हो.' बाबा किल्ल्या, चष्मा, सुपारीची डबी एकेक काढून बघत बसले. एकदम शांत. मग पर्सवर खडूने फुली, म्हणजे माल सोडला. खडूही आईनेच आणलेला.
रुग्णाला फसवणं ही थेरपी नव्हे. मी बाबांना सांगितलं, ही तुमची बायको, वृंदा. त्यांनी टेबल उलथलं.
टॅक्सीत आई म्हणाली, 'तू भेटायला जातेस की तोंडी परीक्षा घ्यायला?'


१५ फेब्रुवारी
ताप. चार दिवस होममध्ये गेले नाही. मेट्रनने फोनवर कळवलं, दीदी येत नाहीत तेव्हा अंकल छान असतात. एवढ्याशा माहितीवरून निष्कर्ष काढत नाहीत, असं तिला ऐकवलं. फोन भिंतीवर लागला. हातातून निसटला असावा.

१७ फेब्रुवारी
मुदत आज संपत होती. लॅपटॉपची बॅग टेबलावर ठेवली. 'साहेब' म्हटलं.
चार्जर, डबा, छत्री, सगळं काढून बघितलं त्यांनी. सोबत कोण आहे, विचारलं. वडील, म्हटलं. कुठे आहेत? मागून येताहेत, म्हटलं.
बॅगेवर फुली मारली. डॉक्टर दारातून बघून गेले, गोळीचं काही बोलले नाहीत.
बाबा म्हणाले, 'पुढचा.'
मागे कोणी नव्हतं. मी बॅग उचलली आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.