यंदाच्या आखाजीचा मुराळी

गोडादरा, सुरत
१० मार्च १९९४

चि. योगराजला शोभाआक्काचे आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझा कागद नाही. पत्त्यावर नुसतं ५६ एपीओ. आकड्याचं कुठं गाव असतं का? तुझे दाजी सांगतात, सोमालिया समुद्रापल्याड आहे आणि तिथले लोक आपसातच लढतात. मग तिथं आपल्या पलटणीचं काय काम? मागे शेजारच्या उखाच्या आणि त्याच्या भावाच्या भांडणात दाजी मधे पडले. दोघं भाऊ दुसऱ्या दिवशी एका ताटात जेवले, टाके पडले ते दाजींना.

दाजी बारा तास कापडाच्या लूमवर. लेक सोनाली सासरी. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट, खोलीत बोलायला माणूस नाही.

इथल्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, १३ मेला आहे. आईबाप गेल्यावरही मुराळी होऊन तू मला माहेरी न्यायला आला, एक साल चुकलं नाही. भाऊ न्यायला आल्याशिवाय मी जात नाही, माहीत आहे तुला. येतो की नाही, एवढं लिही. लांबण लावू नको.

तुझी वाट बघून कावलेली,
शोभाआक्का


सोमालिया
१२ एप्रिल १९९४

ती. आक्कास योगराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र महिन्यानं मिळालं. सुटी नाही, आक्का.

आम्ही धान्याच्या ट्रकांबरोबर पहाऱ्याला जातो, विहिरी खोदतो. एका गावात पाणी लागलं, तर दुसऱ्या टोळीनं गोळीबार केला, त्यांना पाणी का दिलं म्हणून. ज्यांना दिलं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं दुभाष्याकडून विचारलं, तुम्ही आपल्या घरी जाणार केव्हा? तू विचारतेस येतो केव्हा, हे विचारतात जाता केव्हा. मला दोन्ही ठाऊक नाही.

गावच्या घराची किल्ली शेजारी सखुबाईकडे आहे. दाजींना मुराळी कर आणि जा. आखाजीला गेलेल्यांसाठी भरतात त्या घागरी, आईबापाच्या नावाच्या, यंदा तूच भर.

इथं मला हक्कानं रागावणारं कुणी नाही. तू रागावून लिहीत जा.

लोभातला,
योगराज


गोडादरा, सुरत
१८ मे १९९४

चि. योगराज, आशीर्वाद घे, आणि शिव्याही.

नवरा कधी मुराळी होतो का? एकटीच भुसावळ पॅसेंजरनं गेले. नरडाण्याला उतरले, तर सगळ्या बायांच्या पिशव्या भावांच्या हातात, माझी माझ्याच. सखुबाईनं किल्ली देताना विचारलं, न्यायला कोण आलं होतं? पोलक्यातून तुझा कागद काढला. म्हटलं, हा आला.

घर झाडलं. कुंभारणीनं आईबापाच्या दोन घागरी मांडल्या आणि तिसरी हळूच पुढं सरकवली. तू राहिला नाहीस असं कुणीतरी गावात उठवलं होतं. तिला अशी झापली, की सगळ्या गल्लीला कळलं तू जिता आहेस. मग आत जाऊन कडी लावली आणि रडले. हे लिहायचं नव्हतं.

दोनच घागरी भरल्या. सांजोऱ्या केल्या, एकटीला किती जाणार? माहेरवाशिणींच्या झोक्यावर बसले नाही.

रागावत जा म्हणाला, म्हणून रागावते. कागद लवकर टाक. पुढं 'मेल्या' लिहिलं होतं, ते खोडलंय.

किल्ली सखुबाईला परत दिली नाही. इथं आणली, पदराला बांधलीय. पोस्टानं पाठवणार नाही. आपल्या घरात शिरायचं असेल तर आधी सुरतला यावं लागेल, मला न्यायला.

तुझीच,
शोभाआक्का