दाराची कडी

दादा,

तुझ्या डाव्या तळव्यात तीन काचा होत्या, उजव्यात एक. चारही काढल्यात, पट्टी भिजवू नकोस. सकाळी फिटचा झटका ओसरल्यावर तू अनवाणीच रस्ता ओलांडलास. तुला आठवणार नाही. "ठमे, चल, आईची बस येईल," म्हणालास. कडी लावायला मला वेळ होता, पण लावली नाही. आई गेल्यापासून शुद्धीत असताना तू मला ठमी म्हणत नाहीस, तिचा विषयही काढत नाहीस. म्हणून मागोमाग आले. ट्रक तुझ्यापासून दीड हातावर थांबला. चूक माझी.

शेजारच्या काकू बाहेरच्या खोलीत बसल्यात. त्या कडी काढणार नाहीत. हुज्जत घालू नकोस, त्यांच्यापुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही. मी प्रयोगशाळेतून पाचला येते.

थांब्यावर आपण एकोणीस मिनिटं आईची वाट बघितली.